मुलीच्या हातातले पिस्तूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासदाने आपल्या घरातल्या अनुभवावर चार शब्द बोलावे, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. आजवर कोणी आमसुलांवर बोलले, कोणी पापडांच्या भिशीवर, कोणी सासूबाईंच्या आजारपणावर. यंदा पाळी माझी आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "पिस्तूल कसे निवडावे." त्यांना वाटले मी थट्टाच करते आहे! पण थट्टा नव्हती. गेल्या वर्षभरात देवळात आणि बाजारात मला दोनच प्रश्न विचारले गेले आहेत. एक, "अहो, मुलीच्या हातात पिस्तूल कशाला?" आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, "तुमच्या हातातल्या पाटल्या हल्ली दिसत नाहीत त्या?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते एकेकीला सांगण्यापेक्षा सर्वांना एकदमच सांगावे म्हणून हा विषय घेतला.

पहिली गोष्ट अशी की बंदूक आपल्याला नवी नाही. आपल्या जिल्ह्यात खेड्याखेड्यातून शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक घरात असते. रानडुकरे भाताची नासाडी करतात, म्हणून ती ठेवतात. माझ्या माहेरी माजघराच्या भिंतीला ती टांगलेली असे. निवडणुका आल्या की ती पोलीस चौकीत जमा करावयाची आणि मागाहून परत आणावयाची, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तेव्हा तिची भीती कोणाला वाटली नाही, कारण ती पुरुषांच्या हातात होती. मुलीच्या हातात आली आणि भीती वाटू लागली. तीही कशासाठी, तर कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरण्यासाठी.

सन 2018 च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात आशियाई खेळ झाले. त्यात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. आशियाई खेळांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या मुलीचे 34 असे सारखे गुण झाले. मग तोड काढण्यासाठी दोघींना पुन्हा नेम मारावयास लावले, तेव्हाही बरोबरी. दुसऱ्यांदा लावले तेव्हा राही जिंकली. आम्ही दूरदर्शनसंचापुढे बसलो होतो. माझी धाकटी तेव्हा चौदा वर्षांची. ती जागची हलली नाही. जेवताना मला म्हणाली, "आई, तिचा हात शेवटपर्यंत थरथरला नाही." दुसरी एखादी पदकाविषयी बोलली असती, ही हाताविषयी बोलली. तेव्हाच मला कळले की हे खूळ उतरणारे नव्हे.

मग चौकशी केली तेव्हा समजले की ही परंपरा घाटापलीकडे जुनीच आहे. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिक येथे रायफलमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले. राही त्यांच्याच शाळेतली, त्यांचे पाहून या खेळाकडे वळलेली. पुढे राहीने 2013 साली कोरियात चांगवन येथे विश्वचषक स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण मिळविले. पिस्तुलात तसे सुवर्ण त्यापूर्वी कोणाही भारतीयाला, पुरुषालासुद्धा, मिळाले नव्हते. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच. आंबा घाट चढला की इतकी माणसे; मग घाटाखालच्या मुलीने स्वप्न पाहिले तर बिघडले कोठे?

आता खेळाविषयी थोडे सांगते, कारण ते कळल्यावाचून निवडीची गोष्ट कळणार नाही. मुली पिस्तुलाचे दोन मुख्य प्रकार खेळतात. पहिला 10 मीटरवरचा, हवेच्या पिस्तुलाचा. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेने शिशाची बारीक गोळी सुटते, साडेचार मिलिमीटरची. साठ गोळ्या, पंच्याहत्तर मिनिटे. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे आपल्या शर्टाच्या गुंडीएवढा. दहा मीटरवरून, एका हाताने, दुसऱ्या हाताचा आधार न घेता, त्या गुंडीत गोळी घालावयाची.

दुसरा प्रकार 25 मीटरवरचा. यात खरे काडतूस असते, पॉइंट बावीसचे, आणि पिस्तूल असते अर्धस्वयंचलित. हा शब्द ऐकून घाबरू नका. मलाही आधी वाटले होते की चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पडत असेल. तसे नाही. एकदा दाबले की एकच गोळी. फरक इतकाच की काडतुसाची दारू पेटली म्हणजे तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि रिकाम्या टोपणाला मागे रेटतो. त्या धक्क्याने आतला खटका मागे जातो, टोपण बाहेर उडते, आणि स्प्रिंग खटक्याला पुढे आणताना खालच्या मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत सारते. म्हणजे भरण्याचे काम पिस्तूल करते, मारण्याचे काम माणूसच करतो.

हे अर्धस्वयंचलित का हवे, तेही सांगते. 25 मीटरच्या प्रकारात साठ नेम असतात. पहिले तीस सावकाश, पाच मिनिटांत पाच, असे सहा वेळा. पुढचे तीस जलद. त्यात हात खाली ठेवून उभे राहावयाचे, सात सेकंद थांबावयाचे, मग तीन सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत हात वर, नेम, चाप. पुन्हा हात खाली. असे लागोपाठ पाच वेळा. मध्येच काडतूस भरीत बसावयास सवड कोठे? म्हणून पिस्तुलाने आपले काम आपण केले पाहिजे, आणि पाचांपैकी एकदाही अडून बसता कामा नये. स्त्रियांसाठी हा प्रकार ऑलिंपिकमध्ये 1984 पासून आहे.

आता आमच्या चुकीकडे येते. ती झाकून ठेवून तुमचा काही फायदा नाही.

पहिले वर्ष मुलगी शिकवणीच्या ठिकाणचे सामाईक हवेचे पिस्तूल वापरीत असे. गुण सहाशेत पाचशे चाळिसाच्या आसपास येत. शिकविणारे म्हणाले, स्वतःचे घेतलेत तर बरे. 2019 च्या दिवाळीत आम्ही ते घेतले. कसे घेतले? एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने सांगितले की अमुक विजेता हेच वापरतो, आणि हे वापरलेले असल्याने स्वस्तात पडेल. नाव परदेशी, पेटी मखमलीची. आम्ही उभयतांनी मुलीच्या हातात ते नीट देऊनही पाहिले नाही. आंब्याच्या हंगामातले पैसे बाजूला ठेवले होते, ते मोजून दिले आणि पेटी घेऊन आलो. पेढेसुद्धा वाटले.

त्यानंतर गुण उतरू लागले. पाचशे चाळिसाचे पाचशे तीस झाले, मग पाचशे वीस. मुलगी बोलेनाशी झाली. "मुलींच्या मनगटात जोर नसतो, व्हायचेच असे," असे कोणी म्हणाले. मला ते खरे वाटले, ही माझी दुसरी चूक.

पुढे 2020 साली टाळेबंदी आली आणि सारे घरात बसले. मुलगी ओटीवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून रोज तासभर कोरा सराव करी, म्हणजे गोळी न घालता नुसता नेम आणि चाप. मी तिथेच बसून तांदूळ निवडीत असे. आठवडाभर पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आले की चाप दाबण्यापूर्वी ती प्रत्येक वेळी मुठीतला हात किंचित फिरवते, बोट पोहोचत नाही म्हणून. तिचा हात हाती घेऊन पाहिला तर अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ. भगिनींनो, तो वळ माझ्या ओळखीचा होता. लग्न होऊन आले तेव्हा सासरचा कोयता मोठ्या मुठीचा होता. नारळ सोलताना माझ्या हाताला अगदी त्याच जागी वळ उठत असे. सासूबाईंनी चार दिवस पाहिले आणि पाचव्या दिवशी सुताराकडून मूठ तासून आणली. कोयता तोच, पाते तेच, पण त्यानंतर माझा घाव चुकला नाही.

मी मुलीला म्हटले, "बाळ, तुझ्या मनगटात जोर आहे. हे पिस्तूल पुरुषाच्या हाताचे आहे." ती माझ्याकडे पाहत राहिली आणि एकदम रडू लागली. इतके दिवस ती स्वतःलाच दोष देत होती.

एस्.टी. पूर्ववत सुरू झाल्यावर आम्ही दोघी कोल्हापूरला गेलो. तेथील एका प्रशिक्षकांनी आधी पिस्तूल पाहिलेच नाही. त्यांनी मुलीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढली. मग म्हणाले, मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांच्या मिळतात, उजव्या हाताच्या निराळ्या, डाव्या हाताच्या निराळ्या. तुम्ही घेतली ती मोठी आहे, हिला लहान हवी. त्यांनी काय काय पाहिले ते मी वहीत लिहून घेतले. ते असे.

अंगठा आणि तर्जनी यांच्यातली बेचकी मुठीवर जितकी वर बसेल तितकी बसावी, म्हणजे नळी हाताच्या जवळ राहते आणि धक्क्याने तोंड कमी उडते. तर्जनीचे टोकाचे पेर चापावर यावे, आणि बोटाची बाजू लाकडाला घासू नये. घासली तर चाप सरळ मागे न येता पिस्तूल बाजूला ढकलले जाते. मुठीखालची फळी तळहाताला टेकावी, पण आवळू नये. मनगटाला आधार देणारी मूठ नियमाने चालत नाही. आणि शेवटची परीक्षा सर्वांत सोपी. डोळे मिटून हात वर करावा, दोन श्वास घ्यावे आणि डोळे उघडावे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ तुमची. एका बाजूला दिसली तर मूठ दुसऱ्या कोणाची.

नवी मूठ मागविली, तीही कानशीने घासून आणि दोन ठिकाणी भर लावून तिच्या हाताजोगी केली. तीन महिन्यांत गुण पूर्वीच्या जागी आले, आणि वर्षाने पाचशे साठाच्या जवळ गेले. पिस्तूल तेच. म्हणून पहिला धडा हा: नाव विकत घेऊ नये, मूठ विकत घ्यावी.

पुढे मुलगी 25 मीटरकडे वळली. येथे परवान्याची गोष्ट येते. हवेचे पिस्तूल ठरावीक ताकदीच्या आतले असेल तर त्याला परवाना लागत नाही. पॉइंट बावीसला लागतो. हत्यारांचा कायदा 1959 सालचा, त्याखालचे नियम 2016 चे. एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही. मात्र बारा वर्षांवरच्या मुलामुलींना नियमाप्रमाणे, शिकविणाऱ्याच्या देखरेखीखाली, सराव करता येतो. त्यामुळे तीन वर्षे ती सरावाच्या जागेवरच्या पिस्तुलांनीच खेळली. तेव्हा मला ते कमीपणाचे वाटे. आता वाटते की ते फार बरे झाले, कारण त्या तीन वर्षांत तिच्या हातून निरनिराळी पिस्तुले गेली आणि स्वतःला काय हवे हे तिला कळले.

एकवीस पूर्ण झाल्यावर 2025 साली जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज केला. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा आळीतल्या सर्व खिडक्या उघडल्या होत्या, हे तुम्हांला आठवत असेलच! चौकशी झाली, परवाना मिळाला. 2019 च्या दुरुस्तीपासून त्याची मुदत पाच वर्षांची असते. परदेशी पिस्तूल आणविणे हे दुकानात जाऊन पातेले आणण्यासारखे नाही. स्पर्धेत ठरावीक पात्रता मिळविलेल्या नेमबाजालाच ती सवलत मिळते, आणि कागदपत्रे पुष्कळ. जिला या वाटेने जावयाचे असेल तिने आधी नेमबाजी संघटनेच्या कचेरीत नीट विचारून घ्यावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आता निवड. या खेळाची चांगली पिस्तुले बहुतेक युरोपात होतात. जर्मनीचे वाल्थर, इटलीचे पार्दिनी, स्वित्झर्लंडचे मोरिनी, ऑस्ट्रियाचे स्टायर अशी नावे सरावाच्या जागी रोज कानावर पडतात. किंमत लाखांच्या घरात. या खेपेला आम्ही नावे बाजूला ठेवली. नियम काय म्हणतात ते आधी पाहिले. पिस्तूल 1400 ग्रॅमहून जड नसावे. चाप निदान एक किलो ओढ घेणारा असावा. स्पर्धेपूर्वी पंच चापाला किलोचे वजन टांगून पाहतात, आणि वजन उचलण्यापूर्वीच खटका पडला तर ते पिस्तूल चालत नाही. मूठ, नळी, सर्व मिळून ते 30 सेंटिमीटर लांब, 15 रुंद आणि 5 उंच अशा पेटीत मावले पाहिजे. म्हणजे नियमात बसणारी पिस्तुले सगळीच. त्यांतून आपले कोणते, हा प्रश्न.

ओळखीच्या खेळाडूंची तीन निरनिराळी पिस्तुले, ते समोर उभे असताना, मुलीने चालवून पाहिली. प्रत्येकाने पन्नास नेम, काडतूस तिन्हींत एकाच जातीचे. मी बाकावर बसून वहीत खुणा करीत होते. पहिले दिसावयास फार देखणे आणि तोंडाकडे जड. सावकाश नेमात ते गारगोटीसारखे स्थिर राही. तिला तेच आवडले. पण जलद फेरीत तिसऱ्या-चौथ्या वेळी हात वर यावयास उशीर होऊ लागला, आणि तीन सेकंदांत उशीर म्हणजे हातचे गुण गेले. दुसरे हलके, हात चटकन वर येई, पण गोळी सुटली की तोंड उडे आणि माशी परत खाचेत यावयास वेळ लागे. शिवाय पन्नासांत दोन वेळा काडतूस अडकले. तिसरे मधले. देखणे नाही. पण धक्का सरळ मागे येई, माशी जागच्या जागी परत बसे, आणि पन्नासांत एकदाही अडले नाही.

काडतूस अडकण्याविषयी दोन शब्द. पॉइंट बावीसची काडतुसे सर्व सारखी दिसतात, पण प्रत्येक पिस्तुलाला प्रत्येक जातीची मानवत नाहीत. म्हणून जी काडतुसे आपल्याला इथे नेहमी मिळणार, त्यांनीच परीक्षा घ्यावी. स्पर्धेत अडकले तर पिस्तूल निशाणाच्या दिशेनेच ठेवून मोकळा हात वर करावयाचा, मग पंच येऊन पाहतात. दोष यंत्राचा असेल तर नियमाप्रमाणे पुन्हा संधी मिळते. पण काडतूस भरावयाचेच राहिले, किंवा सुरक्षेची कळ काढावयाची राहिली, तर तो खेळणाऱ्याचा दोष, त्याला माफी नाही. आणि संधी मिळाली तरी मन एकदा विस्कटले की ते सावरणे कठीण. मनू भाकर हिचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. टोकियो ऑलिंपिक 2021 साली झाले, त्यात 10 मीटरच्या ऐन फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला आणि तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीच मुलगी 2024 साली पॅरिसला गेली आणि दोन कांस्यपदके घेऊन आली, त्यांतले एक त्याच 10 मीटरच्या प्रकारात. यंत्र दगा देऊ शकते, म्हणून ते पारखून घ्यावे. आणि दगा दिलाच तर मोडून पडू नये. दोन्ही गोष्टी या एकाच मुलीपासून शिकण्यासारख्या आहेत.

आणखी एक गोष्ट आम्ही विचारली, ती गृहिणीलाच सुचेल. याची स्प्रिंग, याचे मॅगझिन, खटक्याची सुई, हे मोडल्यास कोठे मिळेल? दुरुस्ती कोण करील? ज्या मिक्सरचे भांडे बाजारात मिळत नाही तो मिक्सर आपण घेतो का? तिसऱ्याचे सुटे भाग आणि जाणता कारागीर दोन्ही आपल्याकडे मिळतात असे समजले, आणि तेच ठरले. मूठ अर्थात लहान मापाची.

आता पैसे. हे बोलावयाचे नव्हते, पण प्रश्न विचारला गेला आहे. घरात तेवढी रक्कम नव्हती. माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या, त्या मुलीच्या लग्नात तिच्या हातात घालावयाच्या म्हणून मी जपून ठेविल्या होत्या. हे म्हणाले, "कर्ज काढू." मी म्हटले, "व्याज कशाला? वस्तू तिच्याच हातासाठी ठेवली आहे, तिच्याच हाताला जाऊ दे." मुलीने मात्र तीन दिवस ऐकले नाही. म्हणाली, "आई, पदक नाही मिळाले तर?" मी तिला सांगितले की पाटल्या घातल्या असत्यास तर त्यांनी तरी कोणते पदक दिले असते? तरीही खरे सांगते, सराफाच्या पेढीवर हातातून पाटल्या उतरविताना मनगटावर जो पांढरा पट्टा दिसला, तो पाहून माझा जीव गलबलला. पहिल्या पिस्तुलासारखी चूक पुन्हा झाली तर, ही भीती होतीच. म्हणून तर पन्नास पन्नास नेमांच्या खुणा मी वहीत केल्या.

वस्तू घरात आली की तिची निगा आली. आपली हवा खारी, आणि पावसाळा चार महिन्यांचा. विळी एक रात्र ओली राहिली तर सकाळी तांबूस होते, तेथे पिस्तुलाचे काय? सरावाहून आल्यावर नळीतून कापडाचा बोळा फिरवून तेलाचा पातळ हात द्यावयाचा, जास्त नाही, कारण जास्त तेलाला धूळ धरते. लाकडी मूठ पावसात फुगते, म्हणून पेटीत दमट हवा शोषणाऱ्या पुड्या ठेवावयाच्या आणि त्या बदलावयाच्या. ओल्या पिशवीत रात्रभर ठेवावयाचे नाही.

आणि सुरक्षेचे नियम, ते आमच्या घरात देवघराच्या नियमांइतके कडक आहेत. पिस्तूल एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगवेगळ्या जागी. रिकामे आहे असे कितीही ठाऊक असले तरी माणसाकडे तोंड करावयाचे नाही. सरावाच्या जागेवर नेम संपला की नळीत रंगीत दोरा घालून ठेवतात, म्हणजे रिकामे असल्याचे सर्वांना दुरून दिसते. पाहुण्यांची मुले आली आणि "दाखव ना" म्हणाली तर दाखवावयाचे नाही. यात वाईटपणा आला तरी घ्यावा.

आता तुम्ही विचाराल, पदक मिळाले का? नाही मिळाले. नव्या पिस्तुलाने राज्य पातळीच्या स्पर्धेत तिला पाचशे पन्नासाच्या आतबाहेर गुण पडले. पुढे जावयास ते पुरेसे नाहीत, हे तिला आणि मलाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी परत येताना गाडीत ती रडली नाही. वही काढून म्हणाली, "आई, जलद फेरीत चौथा नेम दर वेळी खाली जातो. हात दमतो. पिस्तुलाचा दोष नाही, माझा आहे, आणि तो मला दुरुस्त करता येईल." पाच वर्षांपूर्वी दोष पिस्तुलाचा होता आणि ती तो स्वतःकडे घेत होती. आता दोष कोणाचा हे तिला ओळखता येते. पाटल्यांचे मोल मला तेथेच मिळाले.

शेवटी एकच विनंती. आपल्यापैकी कोणाच्या मुलीने उद्या काही नवे साधन मागितले, मग ते पिस्तूल असो, शिलाईचे यंत्र असो की सतार असो, तर किंमत विचारण्यापूर्वी ते तिच्या हातात द्या आणि डोळे मिटावयास सांगा. हाताला काय वाटते ते हातच सांगतो. आणि तिचे काही चुकू लागले तर "मुलीच्या जातीला जमायचे नाही" असे म्हणण्यापूर्वी एकदा तिचा पंजा हाती घेऊन पाहा. कदाचित कोठेतरी लाल वळ असेल.

 ज्यांना ती वही पाहावयाची असेल त्यांनी दुपारच्या चहाला घरी अवश्य यावे. वही दाखवीन. पिस्तूल मात्र दाखविणार नाही, ते कुलपात असते!